रविवारची सुई

१३ जानेवारी १९५७. लंडनच्या उत्तरेला, फिंचलीच्या बाजूला एक दुमजली घर. वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत आपण भाड्यानं राहतो. खाली घरमालकीणबाई, त्यांचे यजमान आणि एक रेडिओ. घर माझ्या कल्पनेतलं आहे, बाई आणि यजमानही. रेडिओवर जे लागतं ते मात्र खरं. एवढंच, की सगळं एका दिवसात बसवताना त्या दशकातले इतर रविवारही थोडे आत सरकले आहेत. रात्रीचा एक कार्यक्रम तेवढा नेमका याच तारखेचा, आणि तारीख निवडली ती त्याच्याचसाठी.

सकाळी आठ

खोलीतली गॅसची शेगडी पेटवायची तर मीटरमध्ये शिलिंगचं नाणं टाकावं लागतं. एका शिलिंगात किती वेळ ऊब मिळते याचा हिशेब प्रत्येक भाडेकरूला तोंडपाठ असतो, आणि जानेवारीत तो हमखास चुकतो. म्हणून आपण खाली स्वयंपाकघरात येतो. तिथे ऊब फुकट, आणि रेडिओही.

रेडिओ म्हणजे फळीवर ठेवलेलं एक छोटं लाकडी कपाटच. बाईंनी खटका फिरवला की लगेच काही होत नाही. आधी पट्टीमागचा दिवा लागतो. मग आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट शांतता, मग बारीक गुणगुण, आणि मग कोणी गल्लीच्या टोकापासून बोलत बोलत दाराशी यावं तसा आवाज. काचेच्या पट्टीवर गावांची नावं छापलेली: हिल्व्हरसम, अथलोन, स्टुटगार्ट, लक्झेंबर्ग. बाई यांपैकी एकाही गावाला गेलेल्या नाहीत, पण कुठलं गाव कुठल्या गावाच्या डावीकडे आहे हे त्या डोळे मिटून सांगतील.

टेबलावर ‘रेडिओ टाइम्स’ पडलेला असतो. आठवड्याला ८० लाखांहून अधिक खपणारं हे नियतकालिक; त्याचा आठवडा त्या काळी रविवारी सुरू होई, म्हणजे आजचं पान पहिलं. यजमान चष्मा लावून पेन्सिलीनं खुणा करतात. वर्षाला एक पौंड परवाना भरलेला आहे, तो वसूल व्हायला हवा असा त्यांचा चेहरा असतो.

खुणा तीन स्टेशनांवर विभागायच्या. लाइट प्रोग्रॅम लांब लहरींवर १५०० मीटरला. गाणी, विनोद, मालिका. होम सर्व्हिस लंडनमध्ये ३३० मीटरला. बातम्या, भाषणं, नाटकं, प्रार्थना. आणि थर्ड प्रोग्रॅम, १९४६ च्या सप्टेंबरात सुरू झालेला, फक्त संध्याकाळनंतर चालणारा. तिथे अख्खा ऑपेरा, ग्रीक शोकांतिका, नाहीतर एखाद्या तत्त्वज्ञाचं तासभर व्याख्यान. बाई लाइटच्या, यजमान होमचे. थर्ड या घरात कोणाचाच नाही, म्हणजे तो आपला.

ही वाटणी ज्यांनी केली त्या सर विल्यम हेली यांच्या डोक्यात पिरॅमिड होता. १९४४ ते १९५२ ते बीबीसीचे महासंचालक होते. पायथ्याला लाइट, मध्ये होम, टोकाला थर्ड; आणि ऐकणाऱ्यानं वर्षानुवर्षांत हळूहळू पायऱ्या चढत वर जायचं. कल्पना उदात्त होती. पण ती सुचलेल्या माणसानं रेडिओची सुई फिरवणारा हात नीट पाहिला नसावा. सुई चढत नाही, ती आडवी फिरते.

नऊ

सहा टुकटुक ठोके, ग्रिनिचची वेळ. १९२४ पासून हे ठोके पडतात, आणि घरातली सगळी घड्याळं त्यांच्यापुढे मान तुकवतात. मग बातम्या.

बुधवारी ॲन्थनी ईडन यांनी राजीनामा दिला, गुरुवारी हॅरल्ड मॅकमिलन पंतप्रधान झाले. सुएझ कालव्याची मोहीम अंगाशी आली होती. निवेदकाच्या सुरावरून यातलं काही कळत नाही. साम्राज्य कोसळलं तरी तो याच सुरात, याच स्वच्छ उच्चारांत सांगेल. १९२० आणि ३० च्या दशकांत लंडनचे निवेदक संध्याकाळी डिनर जॅकेट घालून मायक्रोफोनपुढे बसत, त्यांना कोणी पाहत नसतानाही. तो कडक इस्त्रीचा कॉलर अजून आवाजात शिल्लक आहे.

सुएझचा या घराशी संबंध एवढाच, की पेट्रोलवर डिसेंबरपासून रेशन आहे. महिन्याला साधारण २०० मैलांपुरतं. रविवारी मोटार काढून बहिणीकडे जाण्याचा यजमानांचा बेत रद्द, मोटार गॅरेजमध्ये आणि यजमान रेडिओपाशी.

सव्वानऊला अ‍ॅलिस्टर कुक. ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ शुक्रवारी रात्री लागतं आणि रविवारी सकाळी पुन्हा. मार्च १९४६ मध्ये ते सुरू झालं तेव्हा १३ आठवड्यांचा करार होता. ते २००४ पर्यंत चालणार आहे हे या सकाळी कोणाला ठाऊक असणार? कुक मूळचे सॉलफर्डचे, पुढे अमेरिकेचे नागरिक झाले. त्यांची खुबी अशी, की ते विषयाला कधीच समोरून भिडत नाहीत. न्यूयॉर्कमधलं एखादं झाड, कुठला तरी गोल्फचा खेळ, हॉटेलातला एक वेटर, असं करत करत बाराव्या मिनिटाला लक्षात येतं की आपण निवडणुकीबद्दल ऐकतो आहोत. कीर्तनकार पूर्वरंगात असाच आडवाटेनं नेतो. यजमान पाव भाजायचा थांबवून ऐकतात, आणि संपल्यावर दर वेळी तेच म्हणतात: “हा माणूस कागदावरून वाचतो असं वाटतच नाही.” तो वाचत असतो. तसं वाटू नये म्हणूनच तर तो लिहीत असतो.

साडेदहा

प्रार्थना. कुठल्या तरी चर्चमधून घंटा, ऑर्गन, मग प्रवचन. बाई चर्चला जात नाहीत. पण प्रवचन चालू असताना बटाटे सोलताना त्या सुरी जरा हळू चालवतात.

इथे थोडं मागं जायला हवं. बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ हे स्कॉटिश पाद्र्याचे चिरंजीव. रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी नाचाचं संगीत म्हणजे पाप, असा त्यांचा कारभार. ३० च्या दशकात रविवारची सकाळ रेडिओवर जवळजवळ मुकी असे, आणि उरलेला दिवस गंभीर. लोकांनी काय केलं? सुई फिरवली. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रेडिओ नॉर्मंडी आणि १९३३ पासून रेडिओ लक्झेंबर्ग ही दोन स्टेशनं इंग्रजीत गाणी लावत होती, साबणाच्या आणि ओव्हल्टिनच्या जाहिरातींसकट. रविवारी तर त्यांची चंगळच. मुलांसाठी ओव्हल्टिनचा स्वतंत्र कार्यक्रम, त्याचे बिल्ले, त्याची गुप्त लिपी. देवाच्या वारी अर्ध्या देशाचे कान परदेशात.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. १९५२ मध्ये केसकर नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली, आणि घराघरांतली सुई सिलोनकडे वळली. दोन्हीकडे हेतू चांगला होता आणि दोन्हीकडे शेजारच्या स्टेशनाचं भाग्य फळफळलं. आकाशवाणीचं १९५७ मध्ये विविधभारती काढून शहाणपण झालं, तसं बीबीसीला युद्धानं शिकवलं. फ्रान्समध्ये खंदकात बसलेल्या सैनिकाला रविवारी प्रवचन नको असतं हे १९४० मध्ये सरळ कळलं. सैनिकांसाठी हलकं स्टेशन निघालं, रविवारीही गाणारं, आणि युद्ध संपल्यावर १९४५ च्या जुलैत त्याचंच लाइट प्रोग्रॅम झालं. आज बाईंच्या स्वयंपाकघरात जे वाजणार आहे ते एका अर्थी त्या सैनिकांनी मिळवून दिलेलं आहे.

बारा

ओव्हनमध्ये गोमांस. पिठाचं यॉर्कशायर पुडिंग भट्टीत फुगायची वाट बघतंय. कोबी मात्र अकरापासून उकळतो आहे, आणि त्याचा वास पडद्यांत शिरला आहे. मांसाचं रेशनिंग संपलं ते १९५४ च्या जुलैत, म्हणजे अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. बाई ओव्हनचं दार उघडून आत बघतात ते फक्त भाजलंय का हे पाहायला नसावं.

बाराला सुई लाइटवर. व्हायोलिनांची ती लाटेसारखी सुरावट येते आणि ‘टू-वे फॅमिली फेव्हरिट्स’ सुरू होतं. लंडनमध्ये जीन मेटकाफ. जर्मनीत घड्याळ एक तास पुढे, तिथे सैन्याच्या रेडिओवर दुसरा निवेदक. दोघांच्या मध्ये टेलिफोनची तार. घरच्यांनी सैनिकासाठी गाणं मागायचं, सैनिकानं घरच्यांसाठी; दोन्ही देशांत ते एकाच क्षणी ऐकू यायचं. विविधभारतीवरची फौजी बांधवांची ‘जयमाला’ ज्यांना आठवते त्यांना यातली ओढ सांगायला नको.

तिकडे एवढे सैनिक कसे? सक्तीची लष्करी सेवा होती. अठरा वर्षांचा झाला की मुलगा दोन वर्षं सैन्यात, आणि त्यांतले कितीतरी ऱ्हाईनकाठच्या ब्रिटिश फौजेत. युद्ध संपून बारा वर्षं झाली तरी जवळजवळ प्रत्येक गल्लीतला एक पोरगा जर्मनीत बटाटे सोलत होता. बाईंचाही आहे. एकोणीस वर्षांचा. डिसेंबरात बाईंनी पोस्टकार्ड पाठवलं आहे: मुलाचं नाव, त्याचा लष्करी टपालाचा नंबर, एक गाणं. ते वाचलं जाईल याची खात्री नाही, कारण पोतीच्या पोती येतात.

म्हणून बारा ते सव्वा या वेळात बाईंशी कोणी बोलायचं नाही. एक नाव वाचून होतं, लेस्टरचं कोणी. दुसरं, कार्डिफचं. एका बाळाचा जन्म झालाय आणि बापानं त्याला पाहिलेलं नाही. जीन मेटकाफ हे सगळं असं वाचते, की जणू शेजारच्या कुंपणावरून सांगते आहे. त्यात गहिवर नाही, म्हणून ऐकणाऱ्याला येतो. एक कोटीहून अधिक लोक या वेळी हेच ऐकत असतात. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रस्ता चालत जावा आणि गाण्यातला एक शब्दही चुकू नये.

गाण्यांची सरमिसळ बघा. नाचाचा बँड, त्याला लागून ऑपेरातलं एक गाणं, मग अमेरिकन गायकाचं काहीतरी गुलगुलीत, मग पियानोच्या कॉन्सर्टोचा तुकडा. कोणा विद्वानानं ही यादी केलेली नाही. पोस्टकार्डांनी केली आहे. एकाच्या आईला जे आवडतं ते दुसऱ्याच्या आईला ऐकावं लागतं, आणि चौथ्या रविवारी ते तिलाही आवडू लागतं. हेलींना पिरॅमिड रचून जे करायचं होतं ते पोस्टकार्डांनी पायऱ्यांशिवाय केलं, असं मला वाटतं.

या कार्यक्रमाच्या तारेवर एक लग्नही जमलं. हॅम्बुर्गच्या बाजूला आधी क्लिफ मिशेलमोर बसत. जीनची आणि त्यांची ओळख आधी आवाजाची. दर रविवारी दोन देशांच्या मध्ये बोलता बोलता १९५० मध्ये दोघांनी लग्न केलं. बाईंना ही कहाणी पाठ आहे. त्या ती सांगतात तेव्हा ‘जीन’ आणि ‘क्लिफ’ असं एकेरीत, भाचे-भाच्या असल्यासारखं.

सव्वाला कार्यक्रम संपतो. बाईंचं कार्ड आज नाही. त्या काही बोलत नाहीत. ओव्हनचं दार जरा जोरात लावतात.

दीड

“वेकी-वेकी!” बिली कॉटन ओरडतो आणि टेबलावरचे चमचे हलतात. त्याचा बँड १९४९ पासून रविवारी वाजतो आहे. सुरुवातीला कार्यक्रम सकाळी असे आणि शनिवारी रात्री कुठेतरी वाजवून, रात्रभर प्रवास करून आलेले वादक पेंगत, म्हणून त्यानं ही आरोळी ठोकली, असं सांगतात. कॉटन मोटारींच्या शर्यती खेळलेला, फुटबॉल खेळलेला आडदांड गडी. त्याच्या संगीतातही तेच. यजमानांना हा गोंगाट आवडत नाही. पण टेबलाखाली त्यांचा पाय हलतो.

जेवताना विनोद हवाच, हा लाइटचा नेम. त्या दशकातला सर्वांत अजब विनोदी कार्यक्रम ‘एज्युकेटिंग आर्ची’. आर्ची हा लाकडी बाहुला, पीटर ब्रफ त्याच्या वतीनं बोलणारा. बोलक्या बाहुल्याच्या खेळात सगळी गंमत ओठ न हलवण्यात, आणि हा खेळ रेडिओवर! ब्रफनं ओठ हलवले काय नि तोंड वासून बोलला काय, दिसतं कुणाला? पण देशानं आर्चीला खरा मुलगा मानला. ही फसवणूक म्हणायची की श्रद्धा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन

यजमानांचा तास. याच वर्षी ‘गार्डनर्स क्वेश्चन टाइम’ हा उत्तर इंग्लंडचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. त्याची सुरुवात १९४७ च्या एप्रिलमधली, अ‍ॅश्टन-अंडर-लाइन गावच्या एका हॉटेलात, तिथल्या बागकाम करणाऱ्यांसमोर. युद्धात सरकारनं लोकांना परसात भाज्या लावायला सांगितलं होतं. युद्ध संपलं तरी कोबीवरच्या अळ्या राहिल्या, आणि त्यांच्याबद्दलचे प्रश्नही.

उत्तरं द्यायला तिघं. फ्रेड लोड्स लँकेशरचे कसलेले माळी. बिल सोवरबट्स अ‍ॅश्टनच्या बाजारात गाळा चालवणारे. आणि प्राध्यापक अ‍ॅलन जेमेल, स्कॉटिश, जीवशास्त्राचे. प्रश्न आधी दाखवायचे नाहीत हा नियम. कोणी विचारतं, माझ्या कांद्यांना कीड का लागते? जेमेल किडीचं लॅटिन नाव आणि जीवनचक्र सांगतात. सोवरबट्स म्हणतात, हे सगळं खरं, पण माझ्या बापानं काजळी टाकली आणि कीड गेली. दोघांत जुंपते. ऐकणारा कुणाचं ऐकतो? काजळीचं.

यजमान वहीत लिहून घेतात. त्यांच्या परसात आत्ता गोठलेल्या चिखलाशिवाय काही नाही.

तीन ते पाच

काही नाही.

हे ‘काही नाही’ समजून घ्यायला हवं. दुकानं कायद्यानं बंद. थिएटरं बंद. पब दोनला बंद झाले ते सातला उघडणार. वेल्समध्ये तर रविवारी उघडतच नाहीत. व्यावसायिक फुटबॉल नाही. यजमान खुर्चीत घोरतात, बाई भांडी आवरतात, खिडकीबाहेर तोच रस्ता. पुढच्या वर्षी, एप्रिल १९५८ मध्ये, टोनी हॅनकॉकच्या कार्यक्रमाचा एक अख्खा भाग या दुपारीवरच निघाला: चार-पाच माणसं एका खोलीत, बाहेर पाऊस, कोणालाच करायला काही नाही. लेखक गाल्टन आणि सिम्प्सन. जांभया, उसासे आणि लांबच लांब शांतता. रेडिओवर शांतता म्हणजे निवेदकाला घाम फुटण्याची गोष्ट, आणि इथे तीच विनोद झाली. देश खदखदून हसला तो ती दुपार त्यानं भोगली होती म्हणून.

आपण वर येतो. शिलिंग टाकतो. आपल्याकडे जुन्या बाजारातून घेतलेला एक लहान सेट आहे, एका बाजूनं फुटलेला. या शहरातून या वर्षी अजूनही रेडिओवर मराठीत बोललं जातं. बीबीसीचं मराठी प्रसारण १९४२ च्या मार्चमध्ये युद्धाच्या धामधुमीत सुरू झालं. त्याच वेळी पौर्वात्य विभागात जॉर्ज ऑरवेल हिंदुस्थानासाठीची वार्तापत्रं लिहीत होते, आणि त्यांच्या सहकाऱ्यांत वेणू चितळे होत्या, पुढे ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिणाऱ्या. हे प्रसारण १९५८ च्या नाताळापर्यंत चालेल, मग बंद पडेल. पण ते लंडनमधल्या मराठी माणसासाठी नाहीच. लघुलहरी इथून निघतात त्या डोक्यावरून आभाळात जातात, तिथून परतून कोल्हापूर-साताऱ्यात उतरतात. दोन-चार कोसांवर कोणीतरी मराठीत ‘नमस्कार’ म्हणतं, तो आपल्या घरच्यांना ऐकू येतो आणि आपल्याला नाही. रविवारी दुपारी हा विचार करत बसू नये.

पाच

चहा. पाव, लोणी, डब्यातले पीच. ‘डाउन युवर वे’ ऐकता ऐकता पीच संपतात. फ्रँकलिन एंगलमन एखाद्या गावात जातात, तिथल्या शाळामास्तरांशी, घंटा वाजवणाऱ्याशी, टोपल्या विणणाऱ्या आजींशी बोलतात आणि प्रत्येकाला आवडीची एक सुरावट विचारून ती लावतात. बस्स. कोणी प्रसिद्ध नाही, कोणावर संकट नाही. १९४६ पासून चालू आहे. टोपल्यांच्या आजी सांगतात की त्यांच्या बोटांना आता पूर्वीसारखं जमत नाही, आणि मग लष्करी बँड मागतात.

रात्र

शेजारच्या छपरावर टीव्हीचा एरियल आहे, इंग्रजी एच अक्षराचा. १९५५ च्या सप्टेंबरात जाहिरातींवर चालणारं दुसरं चॅनेल आलं आणि रविवारी रात्री लंडन पॅलेडियमचा रंगमंचीय खेळ दिवाणखान्यात येऊ लागला. शेजारीण बाईंना दर आठवड्याला बोलावते. बाई म्हणतात, बघताना विणता येत नाही. तीन-चार वर्षांत त्याही घेतील, आणि रेडिओ फळीवरून खाली उतरेल. आज मात्र साडेआठला ‘संडे हाफ आवर’: कुठल्या तरी चर्चमधली मंडळी एकत्र भजनं म्हणतात, १९४० पासून. बाई विणता विणता गुणगुणतात. सकाळच्या प्रवचनात न हललेले ओठ इथे हलतात.

नऊला ‘ग्रँड हॉटेल’. मॅक्स जाफाचं व्हायोलिन, पाम कोर्टातला वाद्यवृंद, टाळ्या. ऐकताना डोळ्यांपुढे झुंबरं येतात, कुंड्यांतले ताड, पांढऱ्या हातमोज्यांचे वेटर. हॉटेल नाहीच. बीबीसीच्याच सभागृहात श्रोते बसवलेले असतात. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणतील, मग काय झालं?

वर आपल्या खोलीत सुई थर्डवर आहे. आजच्या रात्री सॅम्युएल बेकेट यांचं ‘ऑल दॅट फॉल’ पहिल्यांदा प्रसारित होतं. बेकेट यांचं हे पहिलं रेडिओ नाटक, बीबीसीनं मागून घेतलेलं, आणि बऱ्याच वर्षांच्या फ्रेंच लेखनानंतर इंग्रजीत लिहिलेलं. दिग्दर्शक डोनाल्ड मॅकव्हिनी.

आयर्लंडमधलं एक खेडं. मिसेस रूनी, सत्तरीतली, जडशीळ, पाय ओढत स्टेशनकडे निघाली आहे. आंधळा नवरा गाडीनं येणार, त्याला आणायचं. एवढंच. पण ऐकू काय येतं? गुरं, मेंढ्या, कोंबड्या. खरी नव्हेत, माणसांनी काढलेले आवाज, मुद्दाम नकली. पावलांना ठेका आहे, जणू सगळा रस्ता तिच्या डोक्यात आहे आणि आपण त्या डोक्याच्या आत बसलो आहोत. एका उजाड घरातून ग्रामोफोनवर शूबर्टची एक चौकडी येते आणि मागे पडते. गाडी उशिरा येते. उशीर का झाला, हे नवरा सांगत नाही.

असले आवाज काढायला बीबीसीकडे यंत्रंही नव्हती आणि माणसंही. या नाटकासाठी जे जुळवलं गेलं त्याच खटपटीतून पुढच्या वर्षी, १९५८ च्या एप्रिलमध्ये, मेडा व्हेलच्या स्टुडिओत रेडिओफोनिक वर्कशॉप उभं राहिलं.

नाटकाचं नाव स्तोत्रसंहितेतल्या १४५ व्या स्तोत्रातून घेतलेलं. जे पडतात त्यांना देव सावरतो, अशा आशयाचं ते वचन. नाटकातला दिवस शनिवार आहे. उद्या, रविवारी, पाद्री कशावर बोलणार असं नवरा विचारतो. बायको ते वचन सांगते. क्षणभर शांतता, आणि मग दोघं म्हातारी माणसं, एक आंधळा आणि एक पाय ओढणारी, वाऱ्यापावसात उभी राहून वेड्यासारखी हसत सुटतात.

आपल्याला खोलीत अंगावर काटा येतो. सकाळी साडेदहाचं प्रवचन ज्या संस्थेनं ऐकवलं तिनंच रात्री हे हसू ऐकवलं. रीथ यांच्या रविवारी हे शक्य होतं का? आणि पायऱ्या चढूनच इथे यायचं असतं तर आपण पोहोचलो असतो का? दीडला ‘वेकी-वेकी’ ऐकलेला कान आहे हा, मध्ये कांद्यांची कीड ऐकून आलेला. खालचा रेडिओ जमिनीतून गुणगुणतो आहे. शब्द कळत नाहीत, फक्त कोणीतरी कुठेतरी सुखात आहे एवढं कळतं. नाटक वाऱ्याच्या आणि पावसाच्या आवाजावर संपतं. त्याआधी कळतं, की एक लहान मूल गाडीखाली गेलं होतं.

बाई दारावर टकटक करतात. “सगळं ठीक ना, डियर? कोणीतरी ओरडल्यासारखं वाटलं.”

“रेडिओ होता.”

“तुमचा तो थर्ड,” बाई म्हणतात, आणि गरम पाण्याची रबरी पिशवी आत सरकवतात.

अकरा

अंथरुणात शिरून आपण सुई २०८ मीटरला नेतो. लक्झेंबर्ग. दिवसा इथे काहीच लागत नाही, कारण आभाळातला खालचा विद्युतभारित थर मध्यम लहरी पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि लहरी वरच्या थरावर आपटून समुद्र ओलांडून इकडे येतात. पण तो थर काही भिंतीसारखा स्थिर नाही. तो हलतो, आणि गाणं भरती-ओहोटीसारखं येतं जातं.

रविवारी अकराला ‘टॉप ट्वेंटी’. या यादीचा पाया रेकॉर्डचा खप नाही, तर गाण्यांच्या छापील स्वरलिपीचा. म्हणजे नंबर गाण्याला मिळतो, गायकाला नाही. त्या जानेवारीत ही गोष्ट फार मजेची झाली होती. ‘सिंगिंग द ब्लूज’ हे एकच गाणं अमेरिकेच्या गाय मिचेलनं गायलेलं आणि लंडनच्या बर्मन्डसीतल्या वीस वर्षांच्या टॉमी स्टीलनंही, आणि रेकॉर्डच्या यादीत दोघं एकमेकांना शिखरावरून ढकलत होते. देश दोन तटांत विभागला होता. बाईंचा मुलगा पत्रात लिहितो, बराकीतही.

एक शिट्टी ऐकू येते, गिटार. आपण श्वास रोखतो: मिचेल की स्टील? पहिल्या ओळीलाच आवाज ओसरतो. कुठल्या तरी जर्मन स्टेशनावरचा माणूस मध्ये येऊन गंभीरपणे काही सांगून जातो. खरखर. शेगडीची ज्योत निळी होते, बुटकी होते आणि फटकन विझते, शिलिंग संपलं.

आवाज परत येतो तेव्हा गाणं गेलेलं असतं. होरेस बॅचलर बोलत असतात, ब्रिस्टलच्या बाजूचे, फुटबॉलच्या पैजांत बरोबरीचे सामने हेरण्याची आपली पद्धत विकणारे. पत्ता ऐकणाऱ्याच्या डोक्यात पक्का बसावा म्हणून ते गावाचं नाव अक्षर अक्षर सांगतात: कीन्शम. के, ई, वाय, एन. एस. एच